सहावीतली मुलगी, चौथीतला मुलगा : मराठीतल्या कोणत्या रहस्यकथा आणि साहसकथा द्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी सहावीत, मुलगा चौथीत, शाळा इंग्रजी माध्यमाची, घर कांदिवलीत. इंग्रजी रहस्यकथांचा दोघं फडशा पाडतात, पण मराठी पुस्तक हातात दिलं की दोन पानांत बाजूला ठेवतात. मराठीतलं असं काय द्यावं, जे ती स्वतःहून वाचतील?

मी शिक्षिका नाही. मुलुंडला आमच्या सोसायटीत मुलांसाठी पुस्तकांचं एक कपाट आहे, ते सांभाळते. कुठलं पुस्तक फाटेस्तोवर फिरतं आणि कुठलं कोरं करकरीत परत येतं, एवढं मला दिसतं. त्या जोरावर सांगते.

वयोगट बघून पुस्तक घेऊ नका. कव्हरवर 'वय १० ते १४' छापलेलं असतं, त्याचा तुमच्या अडचणीशी काही संबंध नाही. तुमच्या मुलांची बुद्धी सहावी-चौथीची आहे, पण मराठी वाचायचा वेग दुसरीतल्या मुलाचा असणार. जोडाक्षरापाशी अडखळणारं मूल पुढे का जाईल? पुढे काय झालं हे कळल्याशिवाय राहवत नाही म्हणूनच. तेव्हा दुकानात उभ्या उभ्या पहिली पाच-सहा पानं चाळा. तेवढ्यात काही हरवलं, कोणी पळालं, कोणी खोटं बोलताना पकडलं गेलं, तर घ्या. तोवर गावाचं, नदीचं आणि आजोबांच्या वाड्याचं वर्णनच चाललं असेल तर पुस्तक कितीही चांगलं असो, तूर्त राहू द्या.

या कसोटीवर पहिला नंबर अजूनही भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचाच. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काडीसारखा अंगाचा, सायकलवर सुसाट सुटणारा आणि काही सुचलं की 'ट्टॉक' करणारा. वीसेक पुस्तकं आहेत, उत्कर्ष प्रकाशनाची, बारीक अंगाची. हा बारीकपणा महत्त्वाचा. पूर्ण पुस्तक संपवल्याचा आनंद मराठीत मिळाला की मूल दुसरं मागतं. भागवतांची वाक्यं छोटी, संवाद भरपूर आणि प्रकरण संपतं ते नेमकं नको तिथे. भाषा अर्थातच जुन्या पुण्याची आहे. काही शब्दांना मुलं अडतात. अडू द्यात. दर शब्दाला अर्थ सांगत बसलात तर पाठलाग तिथेच थांबतो.

क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. किल्ला आवडत असेल तर 'प्रतापगडावर फास्टर फेणे', बर्फ आणि घोडे हवे असतील तर 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे'. एक मात्र सांगून ठेवते : २०१७ साली आलेला चित्रपट आधी दाखवू नका. त्यातला फेणे मोठा आहे, वैद्यकीय प्रवेश परीक्षेला आलेला, आणि गोष्ट परीक्षेतल्या घोटाळ्याची आणि खुनाची आहे. चित्रपट म्हणून ठीकच आहे, पण तो बघून पुस्तक उघडणारं मूल चुकीच्या माणसाला शोधत बसतं. भागवतांचाच बिपिन बुकलवार हा पुस्तकवेडा पोरगाही आहे. फेणेएवढं नाव त्याला मिळालं नाही, पण ज्या मुलांना सायकलपेक्षा पुस्तक जवळचं वाटतं त्यांना तो जास्त आपला वाटतो.

भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या. व्हर्नमधून सुरुवात करायची झाली तर मुंबईच्या मुलांसाठी माझी निवड ठरलेली आहे : ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा. मूळ पुस्तक १८७३ चं. त्यात फिलिआस फॉग बोटीने मुंबईत उतरतो तो दुपारी साडेचारला आणि कलकत्त्याची गाडी रात्री आठची. मधल्या साडेतीन तासांत त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजाऱ्यांचा मार खातो आणि अनवाणी स्टेशनवर पळत येतो. मालक तोवर स्टेशनात सशाचं म्हणून वाढलेलं मांस खात हा ससा मेल्यावर म्याव करत होता का, असं विचारतोय! आजच्या सीएसएमटीची इमारत तेव्हा उभीसुद्धा राहिली नव्हती, आणि व्हर्न स्वतः भारतात कधी आला नव्हता. हे मुलांना सांगितलं की नकाशा काढून बसतात, कुठे चुकलाय ते शोधायला. पुढे रेल्वेचा रूळच मध्ये संपतो आणि हत्ती विकत घ्यावा लागतो, तिथपर्यंत गेलेलं मूल पुस्तक अर्धवट टाकत नाही. व्हर्नच्या पाणबुडीतला कॅप्टन नेमो खरा कोण होता, हेही एक रहस्यच आहे आणि त्याचं उत्तर आपल्या बुंदेलखंडात आहे. यापुढे सांगत नाही, मुलीच्या हाती ते पुस्तक पडायचं असेल अजून.

तुमच्या मुलीसाठी मात्र मी फेलूदाच आणेन. सत्यजित राय यांनी हा गुप्तहेर १९६५ मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकासाठी लिहायला घेतला. मासिकही घरचंच, आजोबांनी सुरू केलेलं. मराठी अनुवाद अशोक जैन यांचे, रोहन प्रकाशनाचे, आणि ते अनुवाद वाटत नाहीत ही मोठी गोष्ट. फेलूदा पिस्तुलापेक्षा डोक्यावर भिस्त ठेवतो. गोष्ट सांगतो त्याचा चौदा-पंधरा वर्षांचा भाऊ तोपशे, त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला जेवढं दिसतं तेवढंच सांगणाऱ्यालाही दिसतं. तिसरे लालमोहनबाबू, 'जटायू' या नावाने भडक साहसकथा लिहिणारे. त्यांच्या पुस्तकांत ढीगभर चुका असतात आणि फेलूदा त्या शांतपणे दाखवून देतो. आमच्याकडची मुलं फेलूदापेक्षा यांच्यावरच जास्त खूश असतात.

फेलूदाच्या कथेत गाव कधी नुसतं मागे टांगलेलं चित्र नसतं. जैसलमेर, गंगटोक, काठमांडू, लखनौ, प्रत्येक ठिकाणी रहस्य तिथल्याच मातीतलं असतं. लालमोहनबाबूंच्या कादंबरीवर हिंदी सिनेमा निघतो म्हणून तिघं मुंबईला येतात ती गोष्ट आधी द्या, कारण रस्ते ओळखीचे. मग वेरूळची द्या. प्राचीन मूर्ती चोरून परदेशी विकणाऱ्यांच्या मागावर फेलूदा कैलास लेण्यापर्यंत पोचतो. ती वाचून झाली की दिवाळीच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरची गाडी पकडा. तिथून वेरूळ तीसेक किलोमीटर. मंगळवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा. सोळा नंबरचं लेणं, एका डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं, एरवी मुलं दहा मिनिटांत 'झालं बघून' म्हणतात. गोष्ट वाचलेलं मूल 'इथे लपता येईल', 'इथून दिसेल' करत तासभर हलत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगते. फेलूदा सिगारेट ओढतो, तुम्हाला खटकत असेल तर तयारी ठेवा. आणि या कथांमध्ये मुली-बायका जवळजवळ नाहीतच. हा प्रश्न मुली विचारतात आणि बरोबर विचारतात. फेणेच्या गोष्टींत त्याची बहीण माली आहे, धीट आहे, पण गाडी चालवतो फेणेच. मराठीत मुलीला हेर करून तिच्याभोवती पुस्तकांची रांग उभी करायला लेखक अजून फारसे सरसावलेले नाहीत, हे मला लाजिरवाणं वाटतं. तोवर नॅन्सी ड्रू इंग्रजीतच वाचू द्या की. मराठी वाचायला लावायचं म्हणून इंग्रजी काढून घेणारे पालक मी पाहिलेत. मूल मग दोन्ही सोडतं आणि मोबाइल घेतं.

चौथीतल्याला एवढी मोठी पुस्तकं लगेच देऊ नका. त्याच्यासाठी दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. ही अस्सल रहस्यकथा नव्हे, खोड्या आणि निस्तरलेल्या भानगडी, पण दर गोष्टीत काहीतरी उलगडायचं असतं आणि एका बैठकीत एक गोष्ट संपते. दुसरं म्हणजे बालभारतीचं 'किशोर' मासिक. १९७१ पासून निघतंय, जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यातल्या साहसकथा चार-पाच पानांच्या, चित्रांसकट. जुन्या अंकांतली चित्रं आजच्यापेक्षा सरस आहेत असं माझं मत. घरात यावरून वाद होतात.

वाघ-बिबट्यांचं वेड असेल तर जिम कॉर्बेट. शिकारकथा म्हणून नाक मुरडू नका. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याची गोष्ट ही पक्की तपासकथा आहे. केदार-बद्रीच्या यात्रेच्या वाटेवर आठ वर्षं हा बिबट्या माणसं मारत होता. सरकारी नोंदीतच सव्वाशे बळी आहेत. कॉर्बेट पावलांचे ठसे बघतो, झुलत्या पुलांवर पहारा ठेवतो, गावकऱ्यांच्या जबान्या घेतो, पुनःपुन्हा हरतो, आणि १९२६ च्या मे महिन्यात त्याला गाठतो. मराठी अनुवाद सहज मिळतात. पण सहावीच्या आधी नको. रात्री दार उघडून माणूस ओढून नेण्याचे प्रसंग आहेत आणि ते खरे आहेत. आपल्याकडे बोरिवलीच्या जंगलाला लागून राहणाऱ्या मुलांना तर बिबट्या ही काही दूरची गोष्ट नाही.

विज्ञानाची ओढ असेल तर जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला'. जमिनीत खोल खोदकाम करताना एक अजब पेटी सापडते आणि पुढचं सगळं त्या पेटीतून निघतं. हे मुलीला पुढच्या वर्षी द्या, भाषा सोपी असली तरी कल्पना जड आहे.

आता काय देऊ नये. प्रदर्शनात गठ्ठ्याने मिळणाऱ्या 'जगप्रसिद्ध कादंबऱ्या, संक्षिप्त' या प्रकारापासून लांब राहा. चारशे पानांचं साठ पानांत करताना सगळ्यात आधी काय कापतात? संशय. कुणी काय केलं ते राहतं, आपण चुकीच्या माणसावर संशय घेण्याची गंमत जाते. शेरलॉक होम्स भालबा केळकरांनी मराठीत आणला आहे, चांगला आणला आहे, पण घाई नको. त्याचं तर्कशास्त्र सातवी-आठवीत जास्त कळतं. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड त्यानंतर. हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली या माणसाने, आणि तुमच्या आजोबांनी ती अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली असणार. घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांना सांगा वाचून दाखवायला. त्यांचा उत्साहच अर्धं काम करेल.

वाचायला लावण्याची युक्ती अगदी साधी आहे. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा आणि दुसऱ्यात, दार वाजलं की पुस्तक मिटा. भाकऱ्या करायच्या आहेत, फोन आलाय, काहीही कारण सांगा. पुस्तक ओट्यावर नाही, मुलांच्या हाताशी ठेवा. नंतर 'काय वाचलंस, सांग बघू' अशी उलटतपासणी घेऊ नका.

विकत घ्यायला दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरा, आयडियलमध्ये यातलं बरंचसं एका जागी मिळेल. पण सगळं विकत आणू नका. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे, दादर पूर्वेला. कांदिवलीहून लांब पडत असेल तर तुमच्या बाजूचं एखादं सार्वजनिक वाचनालय शोधा. परत करायची तारीख असलेलं पुस्तक मुलं लवकर वाचतात.

तुम्ही एक लिहिलं नाहीत : मुलगा रात्री एकटा झोपतो का? कारण तुम्ही दुकानात 'गूढकथा' मागितल्यात तर दुकानदार नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी काढून देईल. दोघंही थोर, पण ते भयाचं काम आहे आणि मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे. मतकरींची मुलांसाठीची नाटकं वेगळी, ती खुशाल दाखवा. त्यांच्या गूढकथा मात्र वरच्या फळीवर, आणि मुलगी उंच होत चालली असेल तर कपाटाच्या किल्लीवरही लक्ष ठेवा.