‘मग इतकी वर्षं मी केलं ते काय?’

एखाद्या बाबावरून, माताजींवरून मन उडालेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा बाबाबद्दल फारसं बोलतच नाहीत. बोलतात ती स्वतःबद्दल. “मग इतकी वर्षं मी केलं ते काय?” म्हापशात समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकला, की त्यावर लिहायलाच हवं असं वाटलं.

सुमनताई (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) डिचोलीकडच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नवरा गेल्यावर शेजारणीबरोबर सत्संगाला गेल्या आणि अकरा वर्षं तिथल्याच झाल्या. आधी दक्षिणा, मग बांगड्या, मग मुदत ठेव. घरच्या गणपतीत दोष आहे असं सांगितलं गेलं, म्हणून चवथीला मूळ घरी जाणं बंद. शेवटी ‘तीर्थ पुरे’ म्हणून मधुमेहाच्या गोळ्याही सुटल्या. पायाची जखम महिनाभर भरेना, तेव्हा भाच्याने त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. म्हणाल्या, “बाबांचं खरं नाही, हे कळून मला दोन वर्षं झाली.”

“मग जात का राहिलात?”

“वहिनीला मीच नेलं होतं. तिच्या गोळ्या माझ्याच सांगण्यावरून बंद झाल्या. आता कुठल्या तोंडाने सांगू? मूर्ख आहे मी. पापी आहे.”

घरचे लोक चुकतात ते इथेच. बाबाच्या भानगडींची कात्रणं आणून पुढ्यात टाकतात. पण पुरावा बऱ्याचदा पटलेलाच असतो. पाय अडतो तो शरमेपाशी. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते. त्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली ही पद्धत मराठीत मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी रुजवली. तिच्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे : कृतीला चूक म्हणावं, माणसाला नव्हे. मात्र नुसतं सांगून हे कुणाच्या गळी उतरत नाही. तीन भेटी मी तेच करत होते आणि ताई मान हलवत होत्या.

चौथ्या भेटीत विचारलं, “ताई, मुलाचं गणित चुकलं की वहीत काय करायचात?”

“फुली मारायचे. खाली पुन्हा सोडव म्हणायचे.”

“‘मूर्ख मुलगा’ असं कधी लिहिलंत?”

“छे!” मग बराच वेळ गप्प. पदर बोटावरून सुटला. “आणि खोडरबर वापरू द्यायची नाही मी. खोडलं की कुठे चुकलं ते दिसत नाही.”

हे मला सुचलं नव्हतं. ताई अकरा वर्षं खोडू पाहत होत्या आणि ती खोडली जात नव्हती. प्रश्न माझा, पण उत्तर त्यांच्या चाळीस वर्षांच्या शिकवण्यातून आलं. अशा क्षणांसाठीच मी हे काम करते.

घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : “आम्ही सांगत होतो ना” हे वाक्य गिळून टाका. त्या एका वाक्याने माणूस परत बैठकीला जाऊन बसतो. बाबाची टिंगलही नको, तिच्यात आपल्या माणसाचीही टिंगल होते. आधी औषधं, तीही डॉक्टरांना विचारून. पैशांच्या पावत्या, बँकेचे कागद जपून ठेवा. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. तक्रार करायची की नाही, ते मात्र त्या माणसाला ठरवू द्या. आणि सत्संगाची गुरुवारची संध्याकाळ रिकामी पडते, ती ओळखा. श्रद्धेबरोबर मैत्रिणीही गेलेल्या असतात. तेव्हा कुणीतरी चहाला जावं. रात्री-अपरात्री जीव घाबरला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे. देवावरचा विश्वासही सोडा, असा आग्रह मी कधीच धरत नाही. सुमनताई त्या वर्षी चवथीला गेल्या, गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटोळीला कांगलां ही रानफळं आणि सुपारीचे घोस बांधू लागल्या.

तिथेच त्यांनी वहिनीला बाजूला घेतलं. “मी तुला चुकीचं सांगितलं गे. डॉक्टरांकडे जाऊया.”

वहिनी म्हणाली, “मी वर्षभर गोळ्या घेतेच आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तांदळाच्या डब्यात लपवत होते.”