लेन्स बदलता येते म्हणून कॅमेरा घ्यायचा का?

या वेळी पत्रांचा ढीगच पडलाय आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, की जुना एचडी कॅमकॉर्डर स्वस्तात मिळतोय, लेन्स निघते, घेऊ का. चार पत्रं निवडलीत.

प्रश्न : मी लग्नाच्या ऑर्डरी घेतो. ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडे कॅनन एक्सएल एच१ पडून आहे, बॅग-बॅटरीसकट देतोय. माझ्या डीएसएलआरच्या लेन्सही त्याला बसतील असं म्हणतो. घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दिसायला रुबाबदार आहे, खांद्यावर घेतला की मांडवात लोक आपोआप बाजूला होतात हे मान्य. पण मशीन २००५ सालचं आहे, रेकॉर्डिंग मिनी डीव्ही टेपवर, म्हणजे तासभर शूट केलं की कॉम्प्युटरवर घ्यायला परत तासभर टेप चालवत बसायचं आणि तेसुद्धा फायरवायर पोर्ट (टेप-कॅमेरा जोडायचं जुनं सॉकेट) असलेला कॉम्प्युटर हाताशी असेल तर. टेपवरचं चित्र १४४० बाय १०८० चं, सेकंदाला २५ मेगाबिटमध्ये (एमबीपीएस) दाबून बसवलेलं, त्यामुळे अक्षता पडायला लागल्या आणि सगळा मांडव हलला की चित्रात चौकटी दिसायला लागतात. यातून सुटका एकच, मागच्या एसडीआय (प्रोफेशनल व्हिडिओ आउटपुट) सॉकेटमधून सिग्नल काढून बाहेरच्या रेकॉर्डरला द्यायचा, तो टेपसाठी दाबायच्या आधीचा असतो आणि खरंच देखणा असतो. फक्त बॉडीवरचं नाव नीट वाचा, नंतर आलेल्या एच१ए मॉडेलला एसडीआय नाहीये.

आता लेन्सचं. अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो, आणि आतले सीसीडी, म्हणजे चित्र टिपणारे सेन्सर, १/३ इंचाचे, इवलेसे, म्हणून फोटोची लेन्स लावली की चित्र साधारण ७.२ पट जवळ येतं. तुमची लाडकी ५० एमएम तिथे ३६० एमएमसारखी दिसणार. नवरा-नवरी दोघं फ्रेममध्ये घ्यायचे तर तुम्हाला कार्यालयाच्या गेटवर उभं राहावं लागेल! लग्नासाठी नको.

प्रश्न : मी भिगवणला पक्षी शूट करायला जातो. हाच एक्सएल एच१ आणि १००-४०० ची झूम, कसं राहील? – एक वाचक, बारामती

उत्तर : वरच्याला जे नको म्हटलं तेच तुम्हाला हवंय बघा. ४०० गुणिले ७.२ करा, २८८० एमएम होतात, रोहित पक्ष्याचा डोळा फ्रेमभर. पण ऑटोफोकस विसरा, सगळं हाताने, आणि बोटीत बसून वापरायचा विचार तर सोडूनच द्या, नावाड्याने नुसतं वल्हं टेकवलं तरी पक्षी फ्रेमबाहेर जातो. काठावर जड ट्रायपॉड, आणि तेही सकाळी लवकर, कारण ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि एवढ्या झूममध्ये सगळं उकळल्यासारखं दिसतं. अजून एक, एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्समध्ये आहे, बॉडीत नाही. ती लेन्स काढली की एनडीही गेला. बाहेरून स्क्रूचा लावायला लागेल.

प्रश्न : जेव्हीसीचा जीवाय-एचडी१०० आहे. झूम करून फोकस मारला की कडक शार्प, पण वाइडला (पूर्ण झूम आउटला) आलो की सगळं मऊ पडतं. लेन्स गेली का? – एक वाचक, अकोला

उत्तर : लेन्स काढून लावता का वारंवार? मग बहुतेक बॅक फोकस, म्हणजे लेन्स आणि सेन्सरमधल्या अंतराची जुळणी, हललाय. टेलीला (पूर्ण झूम इनला) झालेली चूक पुढच्या फोकस रिंगने सांभाळून घेता येते म्हणून कळत नाही, वाइडला मात्र लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर केसाएवढं चुकलं तरी चित्र विरघळतं. फिक्स लेन्सच्या कॅमेऱ्यात हा व्याप आपल्या वाट्याला येत नाही, हा लेन्स निघण्याचा हप्ता आहे असं समजा.

तीनेक मीटरवर एखादा काळा-पांढरा चक्राचा चार्ट चिकटवा, नसेल तर बारीक छपाईचं वर्तमानपत्र चालतं. आयरिस (लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र) मॅन्युअलवर घेऊन पूर्ण उघडा, उजेड जास्त झाला तर एनडी लावा पण आयरिस बंद करू नका, तिथेच सगळे चुकतात. पूर्ण झूम करून पुढच्या रिंगने फोकस, मग पूर्ण वाइड, माउंटजवळच्या बारीक रिंगचा स्क्रू सैल करून ती फिरवत चार्ट शार्प. परत टेली, परत वाइड. तीन-चार फेऱ्यांत दोन्हीकडे जुळतं, मग स्क्रू आवळा. एवढं करूनही नाही जुळलं तर मात्र रिपेअरवाल्याकडे.

प्रश्न : सोनी एफएस१०० की पॅनासोनिक एएफ१००? मोठा सेन्सर, मागची माणसं ब्लर हवीत. कामं लग्नाचीच. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ब्लर दोन्हीत मिळेल, एफएस१०० चा सेन्सर सुपर ३५ (सिनेमाच्या फिल्मच्या मापाचा), म्हणजे पॅनासोनिकच्या मायक्रो फोर थर्ड्सपेक्षा मोठा, अंधाऱ्या हॉलमध्येही तोच भारी. पण त्यात एनडी नाहीये आणि दुपारच्या वरातीत त्याची किंमत कळते. पॅनासोनिकमध्ये एनडीचं चाक आहे. एक्सएलआर (प्रोफेशनल माइकची सॉकेट्स) दोघांनाही आहेत, पण मिक्सरवरून आवाज घेताना स्विच लाइनवर आहे ना ते बघा, मी एकदा माइकवर विसरलो होतो आणि मंगलाष्टकांच्या जागी तीन तास नुसती खरखर मिळाली, वधूपित्याचा चेहरा अजून आठवतो.

खरी अडचण झूमची आहे. अंतरपाट खाली येतो, तुम्ही दोघांवरून झूम इन करत आईच्या डोळ्यांपर्यंत जायला बघता, आणि फोटोची लेन्स मध्येच फोकस सोडते, कारण बहुतेक फोटो झूम फोकस धरून ठेवायला बनवलेल्याच नसतात. कॅमकॉर्डरच्या झूम लेन्सला मोटर असते, रॉकर (झूमचं बटण) हळू दाबला की सरकत जाते आणि फोकस जागेवर राहतो. म्हणून अंतरपाटाच्या वेळी तरी एक साधा, लेन्स न निघणारा कॅमेरा सहकाऱ्याच्या हातात द्या आणि मोठा सेन्सर जोडप्याच्या क्लोजअपला ठेवा, झूमला हात न लावता.