डाव राखावा की चढवावा?

वाचकांचे प्रश्न : पत्त्यांचे डाव

प्रश्न : आम्ही सहा मित्र दर शनिवारी रात्री विश्रामबागेतील एकाच्या गच्चीवर पोकर (टेक्सास होल्डेम : प्रत्येकाची दोन पाने आणि टेबलावर सर्वांची मिळून पाच) खेळतो. प्रत्येकाला २०० चकत्या मिळतात, ब्लाइंड (पाने पाहण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चकत्या) १ आणि २ चकत्यांचे असतात आणि पैशांची देवघेव होत नाही. सर्वांत मागे राहिलेल्या दोघांनी पुढच्या शनिवारचा चहा आणि भडंग आणायचे, एवढीच पैज. मी शाळेपासून बुद्धिबळ खेळत आलो असून भक्कम बचावासाठी प्रसिद्ध असलेला पेट्रोस्यान माझा आवडता खेळाडू आहे, त्यामुळे इथेही मी टाइट खेळतो : एक्का, राजा किंवा राणीची जोडी अथवा एक्का-राजा आल्याशिवाय डावात उतरत नाही. आमच्यातील एक जण मात्र जवळजवळ प्रत्येक डावात रेज करतो (बोली वाढवतो) आणि अनेकदा त्याच्यापुढे चकत्यांचा ढीग असतो. गेल्या शनिवारी पत्ते मी वाटले होते, म्हणजे टेबलावर पाने उघडल्यानंतरच्या प्रत्येक फेरीत शेवटची पाळी माझी होती. तिघांनी नुसते २ टाकले. बदामचे एक्का-राजा पाहून मी ६ केले. छोटा ब्लाइंड टाकणारा सोडून सगळे आले. फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत) इस्पिक राजा, किलवर नव्वी आणि किलवर चौकी पडली. मी १० लावले, तिघे आले. चौथे पान चौकट तिर्री होते; तिघेही अजून डावात असल्याची धास्ती वाटून मी चेक केले (काही न लावता पाळी सोडली). पाचवे पान किलवर सत्ती आले, एरवी गप्प बसणाऱ्या मित्राने ४० लावले, मी दिले आणि त्याने किलवरचे गुलाम-दश्शी उघडले. मी टाइट खेळणे सोडून आक्रमक व्हावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण टाइट आणि आक्रमक हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध धरले आहेत, आणि आपल्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. कोणती पाने घेऊन डावात उतरायचे याचे उत्तर टाइट किंवा सैल असे असते. उतरल्यावर चकत्या कशा लावायच्या याचे उत्तर जहाल किंवा मवाळ असे असते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण टाइट आहात हे खरे, पण त्याचबरोबर मवाळही आहात, आणि गेल्या शनिवारी आपल्या ५६ चकत्या गेल्या त्या या मवाळपणामुळे गेल्या.

तो डाव पुन्हा मांडून पाहू. तीन जण आधीच २ टाकून बसलेले असताना ६ केल्याने कोणीही उठणार नव्हते. त्यांना आणखी ४ चकत्यांत तीन पाने पाहायला मिळत होती. तिथे १४ करायला हवे होते. त्यानंतर फ्लॉपवर ३१ चकत्यांच्या पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या चकत्यांत) आपण १० लावल्या. किलवरची दोन पाने हातात असलेल्या मित्राच्या जागी बसून पाहा : त्याला १० देऊन ४१ मिळवायच्या आहेत, म्हणजे सुमारे २० टक्के वेळा जमले तरी त्याला परवडते. त्याने न पाहिलेल्या ४७ पानांत कलर (एकाच रंगाची पाच पाने) पुरा करणारी ९ किलवर आणि नव्वी ते राजा ही सिक्वेन्स (ओळीने पाच पाने) पुरी करणाऱ्या आणखी ३ राण्या आहेत, म्हणजे पुढच्याच पानाला यांपैकी काही लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. आपण त्याला सौदा स्वस्तात दिलात, आणि त्याच्या आधी आणखी कोणी १० टाकल्या असतील तर तो आणखी स्वस्त पडला. आपण २५ लावल्या असत्या, तर ५६ मिळवण्यासाठी त्याला २५ द्याव्या लागल्या असत्या आणि ३१ टक्क्यांच्या भावाने २६ टक्क्यांचा माल घ्यावा लागला असता. तरीही तो आला असता, याची मला खात्री आहे. आणि नेमके तेच आपल्याला हवे आहे. चौथ्या पानाला तर आपण चेक करून त्याला पाचवे पान फुकट दिलेत, जेव्हा तो चारपैकी तीन वेळा रिकाम्या हाताने राहणार होता.

शेवटच्या ४० बद्दलही दोन शब्द लिहितो. पॉट ७१ चा होता; समोरचा चारपैकी एकदाहून किंचित जास्त वेळा फसवत असेल, तरच तिथे ४० देणे परवडते. जो माणूस रात्रभर एक शब्द न बोलता फक्त देत राहतो, त्याने तिसरे किलवर पडताच स्वतःहून ४० पुढे सरकवल्या, तर राजाची जोडी कितीही देखणी असली तरी पालथी घालावी.

आता पेट्रोस्यानकडे वळू. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, त्यामुळे आपली उपमा मला मनापासून आवडली; पण बुद्धिबळात दोघांनाही सगळी मोहरी दिसत असतात आणि भक्कम मांडणी करून वाट पाहणाऱ्याकडून कोणी भाडे घेत नाही. पोकरमध्ये भाडे द्यावे लागते. आपण ठरवलेल्या चार प्रकारांची मिळून ३४ जुळण्या होतात आणि ५२ पानांतून दोन पानांच्या एकूण जुळण्या १३२६ असतात, म्हणजे साधारण ३९ डावांतून एकदा आपल्याला खेळावेसे वाटणार. सहा जणांच्या फेरीत ब्लाइंडपोटी ३ चकत्या जातात. ३९ डावांत सुमारे २० गेल्या. हाताने पिसून वाटले तर तीन तासांत साठ-सत्तर डाव होतात, म्हणजे रात्रभरात आपण जेमतेम दोनदा डावात दिसता. दोनदाच दिसणाऱ्या माणसाने रेज केले की गच्चीवरच्या प्रत्येकाला त्याच्याकडे काय आहे हे कळते. (ते कळूनही आपले मित्र येतात, हे आपले नशीब.) सहा जणांच्या बैठकीत सत्तीपासून वरच्या सर्व जोड्या, एक्क्यासोबत गुलाम किंवा त्यावरचे पान आणि राजा-राणी एवढे तरी खेळावे, शेवटच्या जागी असाल तर एक्का आणि त्याच रंगाचे कोणतेही पान चालेल. दुर्री ते छक्कीच्या जोड्या फक्त स्वस्तात फ्लॉप पाहायला मिळाला तर घ्याव्यात, कारण तिसरे तसेच पान फ्लॉपवर साडेआठ वेळांतून एकदाच येते. आले नाही तर मुकाट्याने पॅक व्हावे.

राहिला तो ढीगवाला मित्र. त्याच्यापुढे ढीग असतो ती रात्र सगळ्यांना आठवते. तो किती वेळा भडंग आणतो, हे मात्र आपल्या पत्रात नाही. त्याचा मार्ग आक्रमक बुद्धिबळपटू मिखाईल तालचा वाटतो, पण तालच्या बलिदानापुढे प्रतिस्पर्धी विचारात पडत असे आणि विचारात पडल्यामुळेच चुकत असे. कमी पैजेच्या बैठकीत कोणी विचारात पडत नाही; सगळ्यांना शेवटचे पान पाहायचे असते. हिशेब असा आहे : ४० च्या पॉटमध्ये २० चा ब्लफ (पान नसताना फसवायला लावलेल्या चकत्या) टाकला, तर तीनपैकी एकदा तो चालला पाहिजे. समोर एकच जण असेल आणि तो निम्म्या वेळा पॅक होत असेल, तर हा धंदा फायद्याचा आहे. समोर तसेच तिघे असतील, तर तिघेही एकदम पॅक होण्याची शक्यता आठातून एकदा, म्हणजे साडेबारा टक्के. आपल्या गच्चीवर तर निम्म्या वेळाही कोणी पॅक होत नसावे, कारण हरले तर जास्तीत जास्त भडंग आणायचे आहे. म्हणून आक्रमक जरूर व्हा, पण तो आक्रमकपणा चांगल्या पानांना चढा भाव लावण्यापुरता ठेवा. समोर दोघांहून अधिक असताना ब्लफ करू नका. शक्य असल्यास त्या मित्रानंतर लगेच आपली पाळी येईल अशा जागी बसा, म्हणजे त्याने पोकळ रेज केले की आपल्याला पुन्हा रेज करून बाकीच्यांना बाहेर काढता येईल आणि तो एकटा हाती लागेल.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. हे सगळे नीट केल्यावरही आपण हराल. एक्क्यांची जोडी कोणत्याही पानांच्या एका प्रतिस्पर्ध्यापुढे सुमारे ८५ टक्के जिंकते, पण चौघे शेवटपर्यंत राहिले तर ५६ टक्क्यांच्या आसपास. पाच जणांच्या पॉटमध्ये निम्म्याहून जास्त वाटा ही चैनच आहे. तरी दर दोन-तीन वेळांत एकदा एक्के हरणार, आणि त्या रात्री आपल्याला पुन्हा मवाळ व्हावेसे वाटणार.

प्रश्न : माझ्या माहेरी दिवाळीत रात्रभर तीन पत्ती चालते आणि ब्लाइंड खेळून समोरच्याला घाबरवण्यात माझा हातखंडा आहे. सासरी आता सगळे पोकर खेळतात. तीच सवय इथे उपयोगी पडेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : निम्मी पडेल. तीन पत्तीत पाने पाहिलेल्याला ब्लाइंड खेळणाऱ्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते, म्हणजे आपल्या न पाहण्याला नियमानेच सवलत दिलेली आहे आणि आपण त्या सवलतीवर दडपण आणत होता. पोकरमध्ये अशी सवलत नाही. पाने न पाहता १० टाका किंवा पाहून टाका, समोरच्याला १० च द्याव्या लागतात. तिथे पाने न पाहणे म्हणजे निव्वळ नुकसान आहे. आपली धिटाई मात्र फुकट जाणार नाही, कारण नव्याने पोकर शिकणारे बहुतेक जण चांगले पान हाती असूनही चकत्या पुढे सरकवायला कचरतात, आणि ती भीड आपल्याला नाही.

दुसरी सवय जास्त महाग पडू शकते. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठी असते, पोकरमध्ये कलर मोठा. तीन पानांच्या २२१०० जुळण्यांत साध्या सिक्वेन्स ७२० आणि कलर १०९६ असतात, म्हणून दुर्मीळ असलेली सिक्वेन्स वर बसते. पाच पानांत सिक्वेन्स १०२०० आणि कलर ५१०८ होतात, म्हणून क्रम उलटतो. (गंमत अशी की तीन पत्तीत ट्रेलच्या (तीन सारख्या पानांच्या) ५२ जुळण्या आणि प्युअर सिक्वेन्सच्या (एकाच रंगाच्या सिक्वेन्सच्या) फक्त ४८ आहेत, तरी मान ट्रेलला आहे. हा निकाल कोणी दिला कोण जाणे.) सिक्वेन्स लागताच माहेरच्या सवयीने सगळ्या चकत्या पुढे ढकलण्यापूर्वी टेबलावर एकाच रंगाची तीन पाने नाहीत ना, हे पाहून घ्या. ती असतील तर समोरच्याने लावलेल्या तेवढ्याच चकत्या द्याव्यात, स्वतःहून चढवू नये.

प्रश्न : सरावासाठी मोबाइलवर थोडे पैसे लावून खेळावे का?
— एक विद्यार्थी, कुपवाड

उत्तर : नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद त्यात ठेवलेला नाही. फुकट चकत्यांवर चालणारे खेळ उरतात, पण तिथे दर दुसरा माणूस पहिल्याच पानाला सर्वस्व लावतो, त्यामुळे राखणेही शिकता येत नाही आणि चढवणेही. त्याऐवजी घरी एक जोड घेऊन सहा हात उघडे वाटा, आपल्याला खेळावेसे वाटणारे दोनच हात बाजूला काढा आणि मग पाच पाने मांडून कोण जिंकले ते वहीत लिहा. असे शंभर डाव झाले की गुलाम-तिर्रीसारखी पाने किती वेळा जिंकली, हे त्या वहीतच दिसेल. मिळाले ते पुढच्या पत्रात कळवा. अंकात जागा असेल तर तो तक्ता छापू.