जवळच्या ग्रुपमध्ये ताइची शिकायला जावं का, की व्हिडिओ बघून घरीच जमेल?

तुम्ही विचारलंय की जवळपास ताइचीचा, म्हणजे त्या संथ हालचालींच्या चिनी प्रकाराचा, एक ग्रुप आहे, पण यूट्यूबवर सगळं फुकट मिळतंय तर जायचं कशाला, आणि मुळात हे मार्शल आर्ट आहे की नुसता रिटायर्ड लोकांचा व्यायाम. मी बरीच वर्षं एका छोट्या ग्रुपमध्ये जातोय, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच चाला. माझं म्हणणं, जा. फक्त नाव नोंदवायच्या आधी एक दिवस बाजूला बसून बघा की ती मंडळी एकमेकांना हात लावतात की नाही.

हात लावतात म्हणजे पुश हँड्स करतात का. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि गोल गोल फिरवत समोरच्याचा तोल कुठे आहे ते हातानेच शोधायचं, एवढाच प्रकार. आमच्याकडे एक बाई आहेत, वयाने माझ्यापेक्षा खूप मोठ्या, अंगाने बारीक. त्यांच्याबरोबर करताना असं वाटतं की त्या काही करतच नाहीयेत, मनगट नुसतं टेकलंय, आणि मग कधीतरी माझा खांदा जरासा कडक होतो, मला कळलेलंही नसतं पण त्यांना कळलेलं असतं, की लगेच माझी टाच उचललेली आणि मी दोन पावलं मागे. वर त्या शांतपणे विचारणार, "कुठे अडकलात?" आता हे कुठला व्हिडिओ दाखवणार सांगा. स्क्रीनवर हात कुठून कुठे गेला ते दिसतं, वजन कुठल्या पायावर आहे आणि कंबर सैल सोडलीये का ते दिसत नाही, आणि खरी गोष्ट तीच आहे.

दुसरं कारण गुडघे. ताइची हळू असते म्हणून सेफ असते असं लोक धरून चालतात, पण वाकलेल्या गुडघ्यावर वजन ठेवून तुम्ही कंबरेऐवजी गुडघ्यातून वळलात तर दुखणं मागे लागतं. गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेनेच राहिला पाहिजे, आत कोसळता कामा नये. आमचे सर यावर फार बोलत नाहीत, मागून येऊन कंबरेवर तळहात टेकवतात, म्हणतात "इथून वळ", आणि पुढे जातात. आरशासमोर महिनाभर घालवून जे लक्षात येत नाही ते तेवढ्यात येतं. आधीपासून गुडघ्याचा त्रास असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका, उंच स्टान्समध्येही, म्हणजे गुडघे कमी वाकवून उभं राहूनही, सगळं करता येतं.

मार्शल आर्ट आहे का, तर हो, उगम तोच आहे. हेनान प्रांतातल्या चेनजियागौ गावात चेन घराण्याची ही विद्या होती, १९व्या शतकात यांग लुचान तिथे शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये त्याने ती शिकवली. आज आपल्याला दिसणारी संथ, मोठ्या मोठ्या हालचालींची यांग स्टाइल त्याचा नातू यांग चेंगफू याच्यामुळे पसरली. चेन स्टाइलमध्ये अजूनही मधेच पाय आपटणं, झटक्यात ठोसा वगैरे असतं, ते बघितलं की म्हाताऱ्यांचा व्यायाम हा शब्द परत तोंडातून निघत नाही. सुन स्टाइलमध्ये स्टान्स उंच आणि पावलं छोटी, ती बसवणाऱ्या सुन लुतांगला शिंगयी आणि बागुआ या दुसऱ्या चिनी मार्शल आर्ट्स आधीच येत होत्या त्याची छाप तिच्यात आहे. बहुतेक ग्रुप सुरुवात २४ स्टेप्सच्या फॉर्मने, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींनी, करतात, तो चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये यांग स्टाइलमधून छोटा करून बसवला. नवख्याला ठीक आहे, पाचसहा मिनिटांत संपतो. पण मारामारी शिकायची म्हणून येत असाल तर स्पष्ट सांगतो, नुसत्या फॉर्मवर ती येणार नाही, पुश हँड्स आणि पुढे मोकळ्या सरावाशिवाय तर नाहीच, आणि त्यातही वेळ जातो. सेल्फ डिफेन्सची घाई असेल तर बॉक्सिंग किंवा ज्युदो बघा, खरंच.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. सर लांबूनच हात हलवतात आणि शिष्य उडून पडतात असलं काही दिसलं तर सरळ घरी या. तेच शिष्य बाहेरच्या माणसासमोर तसे उडतात का हे विचारून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात. चांगला शिकवणारा नवीन माणसाला स्वतःला ढकलू देतो आणि "ची" (म्हणजे शरीरातली ऊर्जा) हा शब्द दर वाक्यात वापरत नाही.

सुरुवातीचे दिवस कंटाळा येणार. झान झुआंग म्हणून नुसतं उभं राहायला लावतील, हात झाडाला मिठी मारल्यासारखे, आणि पाच मिनिटांत मांड्या थरथरायला लागतील, ते नॉर्मल आहे, गुडघा दुखला तर मात्र नॉर्मल नाही, लगेच थांबायचं. बूट पातळ सपाट सोलचे घाला, जाड रनिंग शूजमध्ये जमीन कळत नाही. आणि व्हिडिओ बघायचेच असतील तर क्लासनंतर घरी स्टेप्सचा क्रम आठवायला बघा, तेवढ्यासाठी ते मस्त आहेत.