जिभेखालची गोळी

प्रिय मुली,

रविवारी आपल्या आधारगटाची बैठक संपल्यावर चपला घालता घालता तू हळूच म्हणालीस, "मावशी, मी आठवडाभर गोळी जिभेखाली धरते आणि आई वळली की बेसिनमध्ये थुंकते." मी तेव्हा काही बोलले नाही. फाटकाशी तुझे बाबा उभे होते आणि ही उभ्या उभ्या बोलायची गोष्ट नव्हती. म्हणून पत्र लिहिते आहे. घरी मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं ते तूच सांगशील, मी शेजारी बसेन.

तुझी तक्रार खरी आहे, हे आधी ऐक. नऊ किलो वजन वाढलं, चार महिने पाळी नाही, कपड्यांना छातीपाशी ओल लागते आणि आई संशयानं बघते. यातलं काहीही तुझ्या मनाचे खेळ नाहीत. तुझी गोळी, रिस्पेरिडोन, मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा जोर कमी करते, म्हणूनच तुला ऐकू येणारे आवाज मंदावले. पण एरवी हेच डोपामिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीला लगाम घालून असतं. तो लगाम सैल झाला की बाळंतिणीच्या अंगात दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं. मग पाळी थांबते, दूध येतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं. डॉक्टर गरोदरपणाची तपासणीही सांगतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पाळी चुकली की ती सगळ्याच बायकांची करतात. उपायही आहेत: डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा अ‍ॅरिपिप्राझोल नावाचं दुसरं औषध थोडं जोडणं. त्यातला तुझ्यासाठी कुठला, हे डॉक्टर ठरवतील. पण पाळी अशीच वर्षानुवर्षं बंद राहिली तर हाडं विरळ होतात, म्हणून लाजेपोटी गप्प राहायची ही बाब नाही.

आता माझं सांगते.

१९९८ साली मी चोवीस वर्षांची होते, एका पतसंस्थेत कारकून. मलाही आवाज येत, त्यासाठी हॅलोपेरिडॉल हे औषध सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात मला बसवेना. पायांत दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या. पायांना नुसती घाई सुटली होती. जेवायला बसले की चार घासांत उठायचे, ओट्यापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा उठायचे. रात्री पलंगाच्या कडेला उभी राहून एकदा डाव्या पायावर भार, एकदा उजव्या. आईला वाटलं आजार उसळला. डॉक्टरांनाही तेच वाटलं, त्यांनी डोस वाढवला आणि माझी येरझार दुप्पट झाली. त्या दिवसांत जीव नकोसा झाला होता, हे तुला लपवणार नाही. पुढे एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भीती वाटून उठता, की पायच बसू देत नाहीत?" मी म्हटलं, पाय. त्यांनी या त्रासाचं नाव सांगितलं, अकॅथिसिया. हा गोळीचा त्रास, आजाराचा नव्हे. डोस उतरवला, ही घाई शमवायला प्रोप्रॅनोलॉलची गोळी जोडली आणि दहा दिवसांत मी पाटावर बसून आमटी-भात संपवला. आई ताटाकडे बघत राहिली होती.

हे एवढं सविस्तर लिहिलं, कारण नेमका शब्द सापडला तर उपचार बदलतो. "त्रास होतो", "कसंतरी होतं" यावरून डॉक्टरांना काही कळत नाही, आणि ओपीडीत आपल्या वाट्याला पाच मिनिटं येतात. मी एक वही ठेवते. गोळी किती वाजता घेतली, काय झालं, किती वेळ टिकलं. आत शिरण्याआधी त्यातल्या तीनच ओळी चिठ्ठीवर उतरवते आणि बसल्या बसल्या चिठ्ठी पुढे करते. तोंडानं निघत नाही ते कागदावर निघतं. छातीतल्या दुधाबद्दल पुरुष डॉक्टरांशी बोलायला तुझी जीभ रेटणार नाही, तर चिठ्ठी दे.

माझं दुसरं दुखणं त्या वहीमुळेच उघडकीला आलं. पासबुकातल्या नोंदी मी गोल, ठसठशीत अक्षरात करायची. त्याच काळात ओळीच्या सुरुवातीला अक्षर नीट असे आणि शेवटाकडे बारीक होत होत मुंगीएवढं उरे. चेहराही दगडासारखा झालेला. लोकांना वाटे, हिला कशाचं सुखदुःख नाही. डॉक्टरांनी वही पाहिली, माझा हात कोपरात वाकवून बघितला, हा ताठरपणाही गोळीचाच आहे म्हणाले आणि त्यावर ट्रायहेक्सीफेनिडिल ही गोळी दिली. त्यानं अक्षर मोठं झालं. पण त्या गोळीनं तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, विसरायला होतं, तेव्हा तीही गरज संपली की डॉक्टरांना विचारून कमी करून घ्यायची. वर्षानुवर्षं चिठ्ठीवरून पुढच्या चिठ्ठीवर उतरत राहते तशी राहू द्यायची नाही.

आणि मग मी तू करते आहेस तेच केलं. २००१ मध्ये, कुणाला न सांगता. पहिले दोन महिने इतके छान गेले की मला वाटलं, आजार कधी नव्हताच, सगळं दुखणं गोळीचंच होतं. झोप हलकी, हात मोकळे, गाणं ऐकून डोळ्यांत पाणी यायला लागलं. इथेच माणूस फसतं. गोळीचा त्रास काही दिवसांत ओसरतो, आणि आजार परतायला कित्येक आठवडे, कधी महिने घेतो. मधल्या काळात आपण बरे झालो असं वाटतं. तिसऱ्या महिन्यात आवाज आले ते आधीपेक्षा मोठ्यानं. मी इस्पितळात, नोकरी गेली, आणि तेव्हापासून लागलेल्या औषधाचा डोस आधीच्या दीडपट. सांगून, हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखाली कमी केलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. बंद करावंसं वाटणं हा गुन्हा नाही. पण ते चोरून केलं की आपल्याला काय होतंय हे बघायला शेजारी कुणी उरत नाही.

वजनाचं. नंतर मला ओलान्झापिन हे दुसरं औषध लागलं. रात्री एक वाजता उठून गार भाकरी, शेंगदाण्याचा कूट, गूळ, जे हाती येईल ते. पोट भरायचं, भूक मात्र मिटायची नाही. ती भूक औषधाची असते, त्यात हावरटपणा नसतो. तुझी आत्या "अंग सुटलंय, स्थळं कशी येणार" म्हणते ना, ते तिच्यापाशीच राहू दे. वजन बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच भराभर चढतं, म्हणून सुरुवातीलाच आवर घालायचा. दर आठवड्याला त्याच वजनकाट्यावर. उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी. तुझी एकदाही झालेली नाही असं तू म्हणालीस, ती मागून घे. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा वजनावर उपयोग होतो, त्याबद्दल विचार. मी रात्रीसाठी डब्यात फुटाणे आणि काकडी ठेवते, गूळ वरच्या फळीवर असतो. एवढ्यानं मी बारीक झाले नाही, पण साखर आटोक्यात आहे.

या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून झटकन उठू नकोस, आधी पलंगावर बस, मग उभी राहा. सकाळी गुंगी राहत असेल तर गोळी संध्याकाळी लवकर घेता येईल का, तेही विचार. आरशात बघताना ओठ, जीभ आपोआप हलताना दिसली तर त्याच आठवड्यात दाखव, ते जुनं होऊ द्यायचं नाही. आणि सणसणून ताप, अंग लाकडासारखं ताठ, बोलण्यात भ्रम, असं एकत्र दिसलं तर ओपीडीची वाट न बघता थेट इस्पितळ गाठायचं. हे आईलाही सांगून ठेव.

तू म्हणालीस, "मी आता मीच राहिले नाही." याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मनावर जाड गोधडी टाकल्यासारखं मलाही वाटलं आहे. काही वेळा ती आजाराची होती, काही वेळा डोसाची, आणि फरक कळायला वेळ लागला. तुझ्या बाबतीत डोस जास्त असेल असं मला वाटतं, पण मी डॉक्टर नाही. हेसुद्धा चिठ्ठीत लिही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचार आणि त्याचे दुष्परिणाम आपल्याला समजेल अशा भाषेत सांगितले जाणं हा आपला हक्क आहे. विचारलं म्हणून कुणी रागावलं तर चूक तुझी नाही.

रात्री-अपरात्री घाबरलीस तर १४४१६ लाव, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. मलाही कर, मी दहापर्यंत जागी असते.

थुंकलेल्या गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांना द्यावा लागेल. नाहीतर ते समजतील की हा डोस पुरत नाही, आणि वाढवतील. तोवर मनानं दुप्पट घेऊन भरून काढू नकोस. उद्या सकाळी आधी त्यांना फोन करून विचार, पुन्हा कितीपासून सुरू करू.

गुरुवारी तुझी ओपीडी आहे. मी साडेनऊला केसपेपरच्या खिडकीपाशी येते. पाळीच्या शेवटच्या तारखा, वजनाचे आकडे आणि गोळी न घेतलेले दिवस एका कागदावर लिहून आण. आत कुणी कुणी जायचं ते तू ठरव.

तुझी,
मावशी