‘सगळं समजावून सांगितलं, तरी माणसं साथ देत नाहीत’

‘बदल त्यांच्याच भल्याचा आहे. फायदे सांगून झाले. तरी कुणी मनापासून पुढे येत नाही.’ ही तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच विभागप्रमुख येतात. त्यातली एक हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या हिशेब विभागाच्या प्रमुख. हातानं भरायच्या नोंदवह्या बंद करून नवी संगणकप्रणाली आणायची होती. त्यांनी सभा घेतली, वेळ वाचेल, चुका कमी होतील हे नीट दाखवलं. सभेत कुणी चकार शब्द काढला नाही. पुढे मात्र प्रशिक्षणाला दांड्या सुरू झाल्या आणि जुन्या वह्या गुपचूप भरल्या जाऊ लागल्या.

‘आळस, दुसरं काय!’ त्या म्हणाल्या.

मी विचारलं, ‘हा निर्णय तुम्हाला कधी कळला?’

‘चार महिन्यांपूर्वी.’

‘आणि ऐकल्याबरोबर पटला?’

‘छे! वरिष्ठांशी वाद घातला मी. महिनाभर चिडचिड होत होती.’

त्यांच्या माणसांच्या वाट्याला मात्र तासाभराची सभा आली होती. सांगणारा स्वतःची धुसफुस मागे टाकून आलेला असतो आणि ऐकणाऱ्यानं पहिल्याच दिवशी मान डोलवावी अशी त्याची अपेक्षा असते. मला ही अपेक्षा अन्यायाची वाटते.

मग एकेकाचं नाव घेऊन, यात कुणाचं काय जाणार, हे मी त्यांना लिहायला सांगितलं. काय मिळणार ते त्यांना तोंडपाठ होतं, इथे पेन अडलं. एका ज्येष्ठ लिपिकांपाशी त्या बराच वेळ थांबल्या. ताळा जुळला नाही की सगळा विभाग त्यांच्याकडे धावायचा. आता चूक संगणकच दाखवणार होता, म्हणजे त्यांचा मानच जाणार होता. शिवाय ‘नोकऱ्या जाणार का?’ हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न सभेत निघालाच नव्हता. पक्कं उत्तर नाही म्हणून बाईंनी तो टाळला आणि ती जागा अफवांनी भरली.

‘पण निर्णय तर झालाय, आता विचारायचं काय?’ ही त्यांची शंका रास्त होती. विचारल्याचं नाटक तर मुळीच करू नये, माणसं ते लगेच ओळखतात. पण आधी कुणी शिकायचं, वह्या किती दिवस सोबत चालू ठेवायच्या, हे अजून ठरायचं होतं. इथे मी त्यांना १९४८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगितला. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या पायजमे शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला नुसता निर्णय कळवला, तर इतर गटांना बदलाची आखणी करण्यात सामील करून घेतलं. नुसतं कळवलेल्या गटाचं उत्पादन घसरलं ते सावरलंच नाही आणि पहिल्या ४० दिवसांत त्यातले १७ टक्के कामगार सोडून गेले. सामील झालेल्या गटांतून त्या काळात कुणीच गेलं नाही.

बाईंनी पुन्हा बोलायला घेतलं, पण या वेळी चार-पाच जणांशी एका वेळी. काय बंद होणार ते आधी सांगितलं. काय ठरलंय आणि काय तुम्ही ठरवायचंय, हे वेगळं केलं. नोकऱ्यांबद्दल म्हणाल्या, ‘वरून उत्तर आलेलं नाही. दर शुक्रवारी मला जे कळेल ते सांगेन. काही कळलं नाही, तर तेही सांगेन.’ आणि एकही शुक्रवार चुकवला नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त काम केलं ते या शुक्रवारांनी.

त्या ज्येष्ठ लिपिकांना त्यांनी सर्वांत किचकट नोंदी निवडून प्रणाली तपासायला सांगितलं. जुनी थकबाकी अंशतः जमा झाली की प्रणाली गडबडते, हे त्यांनीच दाखवून दिलं. याच गोष्टीवरून ते आधी कुरकुरत होते, तेव्हा तिला अडवणूक म्हटलं गेलं होतं.

सगळेच काही खूश झाले नाहीत, एकानं बदली मागितली आणि ती त्याला मिळाली. वह्या आणखी महिनाभर चालू राहाव्यात, ही मागणी मात्र प्रत्येक गटातून आली होती. बाईंनी वरिष्ठांकडून तेवढी मुदत वाढवून आणली.