वाचकांचे प्रश्न: मॉडेलमधली खडी आणि नवनव्या जागी जाणारा तडा

प्रश्न: एम-२५ (दाबशक्ती २५ न्यूटन प्रति चौ. मिमी) काँक्रीटचं १५० मिमी चौरसाचं द्विमितीय मॉडेल आम्ही संगणकावर ओढून पाहतोय. खडी आणि मॉर्टार (सिमेंट-वाळूचं मिश्रण) वेगवेगळे दाखवलेत. मेश (मॉडेलच्या छोट्या तुकड्यांची, म्हणजे एलिमेंटची जाळी) ४ मिमीवरून १ मिमी केला की भाराचा शिखरानंतरचा आलेख धाडकन कोसळतो. शिवाय खडी नव्याने पसरली की तडा दुसरीकडेच जातो. कुठे चुकतंय? – इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, फर्मागुढी

उत्तर: पहिली गोष्ट चूक आहे, दुसरी नाही.

आलेख कोसळतो कारण फुटल्यानंतरचा नियम तुम्ही स्ट्रेनमध्ये (मूळ लांबीच्या प्रमाणात होणारी वाढ) दिला असणार. तडा एलिमेंटच्या एकाच ओळीत साचतो. ओळ जितकी अरुंद, तितकी फुटताना खर्च होणारी ऊर्जा कमी. यावर संशोधक बाझांत आणि ओह यांचा १९८३ चा उपाय आजही पुरतो: स्ट्रेन नव्हे, फ्रॅक्चर एनर्जी (एकक क्षेत्राचा तडा पूर्ण उघडायला लागणारी ऊर्जा) द्या. मॉर्टारची ताणशक्ती २.५ न्यूटन प्रति चौ. मिमी आणि एनर्जी ०.१ न्यूटन प्रति मिमी धरली, तर सरळ उतारात तडा ०.०८ मिमी उघडल्यावर स्ट्रेस (दर चौ. मिमीवरचं बळ) शून्यावर येतो. म्हणजे तडा पडल्यानंतरचा स्ट्रेन १ मिमी एलिमेंटला ०.०८, ४ मिमीला ०.०२. भार बळ वाढवत नको, टोक थोडंथोडं सरकवत द्या. नाहीतर उतरती बाजू दिसणारच नाही.

आता खडी. ४.७५ मिमीखालचं सगळं मॉर्टारमध्ये धरा. जाड खडी ४० टक्के घेतली तर ९,००० चौ. मिमी भरायचे आहेत. आधी २० मिमीचे दगड टाका, मग लहान. उलट केलंत तर मोठ्यांना जागाच उरत नाही. इथे बरेच जण फसतात: चाळणीचे आकडे जसेच्या तसे वर्तुळांना लावतात. काप दगडाच्या मध्यातून क्वचितच जातो, त्यामुळे छेदात वर्तुळं लहान दिसायला हवीत. क्रशरची खडी असेल तर वर्तुळांपेक्षा बहुभुज बरे.

दगडाभोवतीचा सच्छिद्र थर २० ते ५० मायक्रॉनचा असतो. तो मेशमध्ये बसवायच्या फंदात पडू नका. शून्य जाडीचे इंटरफेस एलिमेंट (दगड आणि मॉर्टारमधला सांधा दाखवणारे) घाला आणि सुरुवातीला त्यांची ताकद मॉर्टारच्या निम्मी धरून पाहा. तडा इथूनच सुरू होतो, म्हणून खडी हलली की त्याची वाटही बदलते. खऱ्या नमुन्यांतही हेच घडतं. रँडम सीड (खडी कशी पसरेल हे ठरवणारा आकडा) बदलून निदान दहा मांडण्या चालवा आणि सरासरीबरोबर विखुरही द्या. एकाच चित्रावरून निष्कर्ष काढलेला प्रबंध आम्ही तरी परत पाठवू.

प्रश्न: वास्कोला समुद्राजवळच्या खांबात क्लोराइड (मिठातला, सळई गंजवणारा घटक) किती आत जाईल, हे याच मॉडेलवर काढता येईल का? – एक वाचक, वास्को

उत्तर: येईल. दगडातून विसरण (क्लोराइडचं आत झिरपणं) जवळजवळ शून्य धरा, म्हणजे मिठाला वळसा घ्यावा लागतो. दगडाभोवतीच्या थराला मात्र मॉर्टारपेक्षा जास्त विसरण द्या. हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध जातात, म्हणून एकच ठेवला तर उत्तर हमखास एका बाजूला झुकतं. साच्याच्या पृष्ठाशी खडी कमी आणि मॉर्टार जास्त असतो, तोही दाखवा. किनारी वातावरणाला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ४५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आहे. क्लोराइडचं प्रमाण त्या खोलीवर वाचा.